टोपलीतल्या जिवास अभय

माळव्यातील आपल्या जुन्या घरांतून मांजर कोणी मुद्दाम पाळले, असे फारसे झाले नाही. वाडा धारचा असो की देवासचा, धान्याचे कोठार होते म्हणून उंदीर होते आणि उंदीर होते म्हणून मांजर होते. त्याला नाव असलेच तर ते ‘मनी’ किंवा ‘बोका’ एवढेच. दुधावर झाकण घट्ट बसवावे, शिंके उंच टांगावे, आणि तरीही ते तुटलेच तर बोक्याचे फावले म्हणून हसून सोडून द्यावे, असा तो संबंध होता. मांजर आडवे गेले म्हणून दोन पावले थांबणारे वडीलधारे त्याच मांजराला जेवण झाल्यावर दहीभाताचा घास टाकीत. या संबंधात प्रेम किती होते हे सांगणे कठीण आहे. पण एक मर्यादा निश्चित होती. मांजर मारायचे नाही. मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे.

आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण हिंदी शाळांतून झाले, त्यांना भगवतीचरण वर्मांची ‘प्रायश्चित्त’ ही कथा आठवेल. घरातल्या नव्या सुनेच्या हातून कबरे मांजर मेले असे समजून, सोन्याचे मांजर किती तोळ्यांचे असावे यावर पंडिताशी घासाघीस चालते, आणि ऐन वेळी मांजर उठून पळून गेल्याची बातमी येते. कथेतला विनोद पंडिताच्या लोभावर आहे, हे खरेच. आम्हांला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसत आली आहे. अंगावर पाट बसलेल्या त्या मांजराचे काय झाले असेल, हा प्रश्न त्या घरात कोणालाच पडत नाही. ते मेले की जिवंत आहे, एवढाच प्रश्न. मेले असेल तर पाप. जिवंत असेल तर काही घडलेच नाही.

प्राण्यांविषयीच्या आपल्या नीतीचा जमाखर्च बहुतेक असाच लिहिलेला आहे. हत्या हे पाप आणि अन्न देणे हे पुण्य. गोग्रास, काकबळी, मुंग्यांना साखर, हे सारे पुण्याच्या बाजूला. पण मारणे आणि जेवू घालणे यांच्यामध्ये भय नावाची एक अवस्था असते, ती कोणत्या रकान्यात मांडायची? दुसऱ्या जिवाला भिववणे, आणि तेही त्याच्याच हितासाठी कुठेतरी नेत असताना, हा नैतिक प्रश्न आहे की केवळ एक अपरिहार्य गैरसोय?

हा प्रश्न आज पुढे येतो तो पशुवैद्याच्या दवाखान्यातील प्रतीक्षेच्या खोलीत. वाडे गेले, कोठारे गेली, वर्षाचे गहू भरून ठेवण्याची चाल मागे पडली. आता आपल्या घरांतून मांजर आहे ते उंदरांसाठी नव्हे. ते स्वतःच्याच हक्काने सोफ्यावर बसलेले असते. मुले इंदूर-पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या घरांत तर पुष्कळदा दिवसभराची सोबत तेवढीच. त्याला लस द्यायची असते, नसबंदी करायची असते, म्हातारपणी त्याचे मूत्रपिंड बिघडते. म्हणजे डॉक्टरांकडे नेणे आले, आणि तिथे आपली पाळी येईपर्यंत बसणेही आले.

ती खोली मांजरासाठी कधी घडलेलीच नाही. आपल्याकडील पशुवैद्यक ज्या प्राण्यांभोवती वाढले ते राजाच्या किंवा शेतकऱ्याच्या उपयोगाचे होते. हत्तींसाठी पालकाप्याचा ग्रंथ, घोड्यांसाठी शालिहोत्र. धारानगरीच्या भोजाच्या नावावरही एक शालिहोत्र सांगितले जाते. इंग्रजी अमलात १८८६ साली मुंबईला परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये आपल्या शेजारी महूला निघाले. त्यांचा पहिला विचार घोडा, बैल आणि दुभते जनावर यांचा होता, आणि त्या काळी तो रास्तच होता. धार-देवाससारख्या जिल्ह्यांतील सरकारी पशुचिकित्सालयांत आजही प्रामुख्याने गाय, म्हैस आणि शेळीच येते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्रे मोजले, ससेही मोजले. मांजराला रकाना नव्हता. जे मोजले गेले नाही त्याच्यासाठी बाक तरी कोण वेगळे ठेवणार?

आता ती खोली मांजराच्या बाजूने पाहू. मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातला रानमांजर. तो एकट्याने शिकार करणारा आणि स्वतःच्या हद्दीत राहणारा प्राणी होता. आकाराने लहान, म्हणून मोठ्या श्वापदांची शिकारही होणारा. त्यामुळे मांजराचा सारा विश्वास जागेवर असतो. आपली माणसे बरोबर असली म्हणजे कुत्रा परक्या ठिकाणीही बराचसा निर्धास्त राहतो. मांजराला मात्र घर म्हणजे भिंती, कोपरे आणि त्यांचा वास. ते सारे एका क्षणात काढून घेऊन आपण त्याला टोपलीत कोंबतो आणि दवाखान्यात फरशीवर ठेवतो. तिथे कुत्र्याचे नाक नेमके त्याच्या तोंडासमोर येते. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, मांजराचा ६०,००० च्याही पुढचा. म्हणून आपल्याला जी खोली शांत वाटते ती त्याच्यासाठी शांत असेलच असे नाही. आदल्या घाबरलेल्या जनावराचा वास फरशीत मुरलेला असतो. तो घालवायला फिनेल ओतले जाते, आणि फिनेलातले घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, म्हणजे ते त्याला विषासमान. (जाता जाता सांगावे, आपण ताप आला की सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते, प्रेमापोटी कोणी देऊ नये.)

या सगळ्याला मांजर उत्तर काय देते? बहुधा काहीच नाही. कुत्रा भुंकतो, शेळी ओरडते, वासरू दावे तोडू पाहते. मांजर पाय अंगाखाली घेऊन टोपलीच्या तळाशी बसते. कान चपटे झालेले, बाहुल्या विस्फारलेल्या, आणि नीट पाहिले तर पंजांना घाम आलेला. शेजारी बसलेला गृहस्थ म्हणतो, “किती शहाणे आहे हो तुमचे मांजर, अगदी शांत बसले आहे!” आणि आपणही ते कौतुक स्वीकारतो. आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म इथेच आहे. जो ओरडतो त्याचे दुःख आपण मान्य करतो, निदान त्याचा त्रास होतो म्हणून तरी. जो गोठून जातो त्याच्या गप्प राहण्याला आपण संमती समजतो. ही चूक आपण मांजरापुरतीच करतो असेही नाही. मोठ्या रुग्णालयांच्या बाकांवर हातातला कागद घट्ट धरून मुकाट बसलेल्या म्हाताऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. त्यांनाही लोक ‘समजूतदार’ म्हणतात.

भयाची शरीरावर होणारी खूण मात्र लपत नाही. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातील साखर वाढते, आणि ती इतकी वाढू शकते की मधुमेह नसताना तो असल्याचा संशय यावा. रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके वाढतात. म्हणजे डॉक्टरांपुढे टेबलावर येते ते आजारी मांजर नव्हे, भ्यालेले मांजर. आणि आजार कुठला, भय कुठले हे त्यांना उकलावे लागते. शिवाय भ्यालेले मांजर चावते, ओरबाडते. आपल्या देशात रेबीजची भीती खरी असल्याने दवाखान्यातला मदतनीस त्याची मानगूट पकडतो. मांजरी पिल्लाला तसेच उचलते ना, असे त्याचे म्हणणे. पण मोठ्या मांजराला त्या पकडीने शांती मिळत नाही, फक्त हालचाल बंद होते, आणि म्हणून मांजरांचे तज्ज्ञ आता ती पकड टाळायला सांगतात. एकदा असे झाले की पुढच्या वेळी टोपली दिसताच मांजर माळ्यावर पळते, आणि ‘जाऊ दे, बिचाऱ्याला कशाला त्रास’ म्हणून घरचे लोक त्याला नेणेच सोडून देतात. भयाची सवय होते, असे मानणाऱ्यांनी हे पाहावे. सवय होते ती पळण्याची.

इतके सांगितल्यावर पुष्कळांना पटते. पण आम्हांला इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण हा उपयोगाचा युक्तिवाद आहे, नीतीचा नव्हे. समजा, भयाने साखर वाढली नसती, निदान चुकले नसते, कोणाला चावा बसला नसता. मग त्या खोलीतला पाऊण तास चालला असता काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यासाठी रक्ताच्या चाचणीची साक्ष लागू नये. १७८९ साली बेंथमने पशूंचा प्रश्न त्यांच्या बुद्धीवरून आणि वाचेवरून हलवून त्यांच्या सोसण्यावर आणून ठेवला. भय हे सोसणेच आहे. कित्येकदा वेदनेहूनही कठीण, कारण वेदना या क्षणाची असते आणि भयाला शेवट दिसत नाही. आपण मुलाला सांगू शकतो, “पाच मिनिटांत होईल हं.” मांजराला हे सांगण्याचा मार्गच नाही.

‘पण हे सगळे त्याच्या भल्यासाठीच ना?’ हा खरा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सुई टोचते, तीही भल्यासाठीच. इथे एक भेद करावा लागतो. सुईचे दुखणे उपचाराचाच भाग आहे. ते काढून टाकले तर लसही जाते. प्रतीक्षेतल्या भयाने मात्र काहीच साधत नाही. त्या भयातून ना औषध पोटात जाते ना रोग कळतो. ते केवळ खोली तशी आहे म्हणून, बाक तसे मांडले आहेत म्हणून, आणि त्याची कोणी दखल घेतली नाही म्हणून आहे. चांगल्या हेतूच्या खात्यावर फक्त तेवढेच दुःख टाकता येते जेवढे त्या हेतूला अटळ आहे. उरलेले आपल्या नावावर पडते.

आपल्याच परंपरेत या उरलेल्यासाठी एक शब्द आहे, तो म्हणजे अभय. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. संन्यास घेणारा सर्व भूतांना अभय देऊन घराबाहेर पडतो. दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ, असे आपली पुराणे सांगतात आणि माळव्यातल्या आपल्या जैन शेजाऱ्यांचे आगमही सांगतात. मग आरंभी म्हटल्याप्रमाणे भयाला आपल्या हिशेबात रकाना नाही, असे का वाटावे? आम्हांला वाटते, अभयाचा अर्थ आपण हळूहळू प्राणदान एवढाच करून टाकला. राजाने अभय दिले म्हणजे मान वाचली. कसायाकडून बकरा सोडवला म्हणजे अभयदान झाले. शब्दात भय उघड दिसत असताना आपण त्याचा मृत्यूशी तेवढा संबंध ठेवला.

शिबी राजाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ससाण्याच्या भयाने कबुतर त्याच्या मांडीवर येऊन पडले, आणि राजाने आपले मांस तोलून दिले. ती कथा शरणागताची आहे. कबुतर आपण होऊन आले, राजाने त्याला स्वीकारले, म्हणून ते औदार्य. टोपलीतले मांजर आपल्याकडे शरण आलेले नाही. ते पलंगाखाली लपले होते, तिथून आपण त्याला ओढून काढले. जिथे त्याचा ससाणा बसलेला आहे त्याच खोलीत आपणच त्याला नेऊन ठेवले. शरण आलेल्याला अभय देणे हे मोठेपण असेल. ज्याला आपण उचलून आणले त्याला अभय देणे हे देणे आहे, आणि देणे चुकते करणाऱ्याला कोणी उदार म्हणत नाही.

कायद्याची भाषाही याच दिशेने गेलेली दिसते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात ‘अनावश्यक’ वेदना वा यातना हा शब्द मध्यवर्ती आहे, म्हणजे वर सांगितलेला भेद तिथे आहेच. ब्रिटनमध्ये १९६५ च्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालातून पुढे पशूंची पाच स्वातंत्र्ये आकाराला आली. त्यांत भूक, वेदना यांच्याबरोबर भयापासून मुक्ती ही स्वतंत्रपणे मोजली गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या खटल्यात ही पाचही आपल्या कायद्यात वाचली. २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे मान्य केले, तो वाद वेगळा. दवाखान्याच्या बाकासाठी कोणी फौजदारी करावी, असे अर्थात आमचे म्हणणे नाही; त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, त्याचा धाक कोणाला?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या जिल्ह्यांत माणसे सरकारी रुग्णालयाबाहेर उन्हात ओळीने बसतात, जिथे एका म्हशीच्या आजाराने घरचा वर्षाचा हिशेब कोलमडतो, तिथे मांजराच्या मनःस्थितीची चर्चा म्हणजे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत काय? या आक्षेपातला रोष आम्हांला मान्य आहे. म्हैस आणि मांजर एकाच वेळी दारात आले आणि डॉक्टर एकच असला, तर म्हशीला आधी पाहावे. तिच्यावर माणसे जगतात. पण त्यावरून असे निघत नाही की रांगेत मागे असलेल्याने भीत बसावे. क्रम ठरवणे एक आणि थांबणाऱ्याची हेळसांड करणे दुसरे. माणसांची रुग्णालये वाईट आहेत म्हणून जनावरांची वाईट राहू द्यावीत, या तर्काने आजवर कोणत्याही माणसाचे रुग्णालय सुधारलेले नाही.

शिवाय जे करायचे आहे त्याला पैसा जवळजवळ लागतच नाही. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ पासून मांजरांना सोयीचे दवाखाने कसे असावेत याचा एक कार्यक्रम चालवला आहे, आणि त्यातल्या शिफारशी वाचल्या तर आपल्या आजीलाही सुचल्या असत्या अशा निघतात. टोपली जमिनीवर न ठेवता उंचावर, टेबलावर किंवा फळीवर ठेवावी. तिच्यावर घरचे कापड टाकावे. आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी यासाठी उत्तम. तिला घराचा वास असतो आणि आतल्याला काही दिसत नाही, म्हणजे लपल्यासारखे होते. लपायला मिळणे ही मांजराची चैन नव्हे. नेदरलँड्समधल्या एका प्राणिनिवाऱ्यात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ नव्या मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले, काहींना दिले नाही. खोके मिळालेली लवकर सावरली. टोपली वरून उघडणारी असावी, म्हणजे मांजराला ओतून काढावे लागत नाही. ती घरात एरवीही उघडी पडलेली असावी, म्हणजे तिचे दर्शन हीच धोक्याची सूचना होत नाही. आपल्या लोकांची जुनी खोड अशी, की नकोसे मांजर पोत्यात घालून दूर सोडून यायचे. डॉक्टरांकडे नेतानाही पोते किंवा कापडी थैलीच वापरली, तर मांजराला या दोन प्रवासांतला फरक कसा कळावा?

दवाखान्यांनी आठवड्यातली एखादी संध्याकाळ फक्त मांजरांसाठी ठेवावी. ते न जमल्यास माणसांना बाहेर रिक्षात किंवा झाडाखाली थांबू द्यावे आणि पाळी आली की फोन करावा. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तेही नको असेल तर खोलीच्या मधोमध एक कपाट आडवे टाकून दोन बाजू कराव्यात. देवासकरांना तरी याचे नवल वाटू नये. पवारांच्या दोन भावांच्या वंशांनी, थोरल्या आणि धाकट्या पातीने, एकाच गावात दोन दरबार १९४८ पर्यंत चालवले. फॉर्स्टरने ‘द हिल ऑफ देवी’मध्ये ती गंमत साऱ्या जगाला सांगितली. एका गावात जिथे दोन राज्ये नांदली तिथे एका खोलीत दोन कोपरे नांदायला हरकत नसावी.

मात्र कपाट आडवे टाकून सगळे होत नाही. ज्यांचा कुत्रा आहे त्यांनी साखळी आखूड धरायची असते. ‘तो काही करत नाही हो,’ हे वाक्य आम्ही अनेक ठिकाणी ऐकले आहे, आणि कुत्र्याच्या बाजूने ते बहुधा खरेही असते. पण भय हे कुत्र्याच्या हेतूवर ठरत नाही, ते मांजराच्या डोळ्यांवर ठरते. ज्यांचे मांजर आहे त्यांनीही शेजारच्या मुलाला “बघ, आत मनी आहे” म्हणून गोधडी उचलू देऊ नये. नकार देणे आपल्या भिडस्त लोकांना जड जाते, तरी द्यावा. म्हणजे त्या खोलीत अभय देणारा डॉक्टर एकटा नसतो. तिथे बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या जनावराला थोडे थोडे अभय देत असतो किंवा ते काढून घेत असतो, आणि बहुतेकांना त्याची जाणीवही नसते.

आणखी एक गोष्ट उरते. एकदा या दृष्टीने पाहू लागलो की नजर टोपलीपाशी थांबत नाही. नालछा किंवा बागलीकडून एस.टी.च्या जुन्या स्थानकावर उतरून, शेळी खांद्यावर घेऊन आलेला माणूस बाहेर कडुलिंबाखाली उभा असतो, कारण आत कुत्रे आहे आणि शेळी थरथरते आहे. तिच्यासाठी टोपली नाही, गोधडी नाही, आणि तिच्या धन्याला कोणी आत बोलावतही नाही. मांजरासाठी केलेल्या त्या आडोशामागे एक शेळी सहज मावते.